आपल्याच माणसाविरुद्ध तक्रार

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

मी इंदूरला राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. गेल्या अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आम्ही स्वयंपाकघराचं काम करून घेतलं. मॉड्युलर किचन, सगळं मिळून २,८५,००० रुपयांत ठरलं. काम करणारा मुलगा आमच्या गणेश मंडळातल्याच घरातला. त्याचे वडील आणि माझे मिस्टर जुने मित्र. कोटेशनवर त्यानं 'मरीन प्लाय', म्हणजे पाण्याला टिकणारा प्लायवूड, असं लिहून दिलं होतं. पावसाळ्यात सिंकखालचं शटर फुगलं, मग शेजारचं, दिवाळीपर्यंत खालची फळीही. दुसऱ्या एका सुताराला दाखवलं तर तो म्हणाला, हा मरीन प्लाय नाहीच. मुलाला फोन केला की एकच उत्तर, "काकी, टेंशन मत लो, हो जाएगा." कसा बोलतो ते कळावं म्हणून त्याचे दोन मेसेज जसेच्या तसे देते. पहिला जूनमधला: "काकी, २.६५ आ गए, २० बाकी है, फिनिशिंग के बाद देना." दुसरा नवरात्राआधीचा: "दोनों शटर बदल देंगे नवरात्रि के बाद, प्लाय में प्रॉब्लम आ गई थी." आता होळीही झाली. पक्कं बिल नाही. जीएसटीचे १८ टक्के वाचतील असं तो म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. दीड लाख चेकनं दिले, बाकी रोख. ते वीस हजार अजून आमच्याकडेच आहेत. मिस्टर म्हणतात, सोडून दे, कोर्टाची पायरी कोण चढणार, मंडळात तोंड दाखवायचं आहे. पुण्याची मुलगी म्हणते, समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाक, नाहीतर सरळ केस ठोक. ओळखीच्या वकिलांनी पंचवीस हजार फी सांगितली. १८१ ला फोन केला, ते म्हणाले हे आमच्याकडे येत नाही. संक्रांतीला त्यांच्या घरी हळदीकुंकवालाही मी गेले नाही. रोज भांडी घासताना ती फुगलेली कड दिसते आणि जीव जळतो. मी जायचं कुठे? आणि जावं का? हे पत्र मिस्टरांना न सांगता लिहिते आहे.

ताई,

तुमचं पत्र सावकाश वाचलं. शटर कधी फुगलं, कोण काय म्हणालं, कुणाला काय वाटेल, सगळं त्यात आहे. तुम्हाला काय हवं आहे, तेवढंच नाही. पैसे परत हवेत? शटरं बदलून हवीत? की त्या मुलानं एकदा घरी येऊन "काकू, चुकलं" म्हणावं, एवढंच? खोचकपणे विचारत नाही. 'जाऊ कुठे' याचं उत्तर यावरच ठरतं. नुसतं विचारायचं असेल तर त्याची जागा वेगळी, काम करून घ्यायचं असेल तर वेगळी, पैसे वसूल करायचे असतील तर आणखी वेगळी. माफी देववणारं सरकारी ऑफिस अजून कुणी उघडलेलं नाही.

तुम्ही फुगलेल्या कडेबद्दल लिहिलंय, त्यावरून मी असं धरून चालतो की तुम्हाला स्वयंपाकघर नीट करून हवं आहे, आणि ते होणार नसेल तर नीट करून घेण्याइतके पैसे. त्या मुलाला अद्दल घडवावी असा सूर मला पत्रात दिसला नाही. मी चुकत असेन तर पुढचं त्या हिशोबानं वाचा.

आधी बिलाचं बोलू, कारण खरी बोच तिथे आहे असं मला वाटतं. आपणच बिल नको म्हटलं, मग आता कुठल्या तोंडानं तक्रार करायची, असं तुमच्या मनात आहे. जीएसटी बुडवायला हातभार लावला, हे काही चांगलं केलं नाहीत, त्यावर पांघरूण घालत नाही. पण ग्राहक म्हणून तुमचा हक्क त्यानं संपत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक कोण, तर ज्यानं पैसे देऊन किंवा द्यायचं कबूल करून वस्तू वा सेवा घेतली तो. पक्कं बिल हवंच, अशी अट त्या व्याख्येत नाही. उलट मालाचं किंवा कामाचं बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. बिल देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. पुढे कुणी विचारलं तर जे झालं ते जसंच्या तसं सांगा. 'मागितलं होतं, त्यानं दिलं नाही' असलं काही रचू नका. बाकी सगळं खरं असताना एवढ्यासाठी खोटं बोललात, तर खऱ्याचीही किंमत जाते.

आता ते दोन मेसेज. तो कसा बेफिकीर बोलतो हे दाखवायला तुम्ही ते उतरवून दिलेत. मी मात्र ते कागदपत्रं म्हणून वाचले. "२.६५ आ गए, २० बाकी है" ही त्याच्या हातची पावती आहे. रोख दिलेल्या १,१५,००० रुपयांना पुरावा नाही म्हणून तुम्ही घाबरलात, तो पुरावा जूनपासून तुमच्या फोनमध्ये पडून आहे. दुसऱ्या मेसेजमध्ये तर त्यानं तीन गोष्टी कबूल केल्या: शटरं दोन आहेत, ती बदलायची आहेत, आणि दोष प्लायमध्ये आहे. तुमच्या वापराचा किंवा पाणी सांडल्याचा दोष नाही. वकिलालाही याहून नेमकं वाक्य सुचलं नसतं.

तेव्हा आजच एवढं करा. ती चॅट पुसू नका, फोन बदलू नका, निदान जुना फोन मोडीत काढू नका. स्क्रीनशॉट काढा, त्यात त्याचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, आणि प्रिंट काढून ठेवा. कोटेशनचा कागद, चेकची नोंद असलेलं पासबुकाचं पान, शटरांचे फोटो, सगळं एका फाइलीत घाला. आणि फुगलेलं शटर कुणाही सुताराला काढून फेकू देऊ नका. मरीन प्लायला आयएस ७१० हे भारतीय मानक आहे, साध्या प्लायला आयएस ३०३. मानकाचा शिक्का फळीवर छापलेला असतो. वरून सनमायका बसला की दिसत नाही, पण शटर उतरवल्यावर मागे किंवा न चिकटवलेल्या एखाद्या तुकड्यावर कधी सापडतो. सापडला तर उत्तमच. नाही सापडला तर ती फळी स्वतःच पुरावा आहे, कारण वाद वाढला तर ग्राहक आयोग (त्याच्याबद्दल पुढे सांगतो) नमुना प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. ज्या सुतारानं पाहिलं, त्याच्याकडून दोन ओळी लिहून आणि सही करून घ्या: कोणत्या तारखेला पाहिलं, काय आढळलं, दुरुस्तीला किती लागतील. तोंडी सांगणारे पुष्कळ भेटतात, सही करा म्हटलं की सायकल काढतात. म्हणून एक नाही म्हणाला तर दुसऱ्याला बोलवा.

मिस्टरांचं 'तोंड दाखवायचं आहे' मी हसण्यावारी नेणार नाही. इंदुरात मराठी माणूस गावभर विखुरलेला असला तरी आपलं वर्तुळ लहान आहे. 'सानंद' संस्थेच्या नाटकाला, आरतीला, लग्नाच्या पंगतीला तीच माणसं भेटतात. कुणाशी वाकडं आलं तर वर्षभर टोचत राहतं. पण तुमच्याच पत्रातली एक ओळ पुन्हा वाचा. संबंध बिघडू नयेत म्हणून तुम्ही गप्प राहिलात आणि संक्रांतीला त्यांच्या दारी गेला नाहीत. म्हणजे संबंध बिघडलेच, फक्त त्याची खबर त्यांना नाही. त्याच्या आईला कदाचित आजही वाटत असेल की तुम्हाला बरं नव्हतं. लिहून विचारलंत तर तुमच्या मनात काय आहे ते त्यांना कळेल तरी. दुसरं असं की "प्लाय में प्रॉब्लम आ गई थी" हे खरंही असू शकतं. व्यापाऱ्यानं त्याला मरीन म्हणून साधा माल गळ्यात मारला असेल. तसं असेल तर तुमचं लेखी पत्र त्यालाही लागेल, त्याशिवाय तो त्या व्यापाऱ्याशी काय म्हणून भांडणार?

मुलीचा पहिला सल्ला मात्र ऐकू नका. समाजाच्या ग्रुपवर फोटो टाकला की पहिल्या तासात पन्नास जण हळहळतील, दुसऱ्या तासात दोन तट पडतील, आणि संध्याकाळपर्यंत विषय शटरांचा राहणार नाही. 'फसवणारा', 'चोर' असं काही लिहून गेलात तर अब्रुनुकसानीचं लचांड उलट तुमच्याच मागे लागेल. जे त्याला सांगायचं ते त्याला सांगा.

आता जायचं कुठे. १८१ वाल्यांनी तुम्हाला टाळलं नाही, बरोबरच सांगितलं. ती मुख्यमंत्री हेल्पलाइन सरकारी खात्यांच्या तक्रारींसाठी आहे. नळाला पाणी नाही, पेन्शन अडकली, पटवारी दाद देत नाही, तर १८१. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, तिचंही तसंच. खासगी कंत्राटदाराकडून पैसे वसूल करून देण्याचं ते ठिकाण नाही.

सल्ल्यासाठी फोन करायचा तो १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला. सकाळी आठ ते रात्री आठ, पैसे पडत नाहीत, आणि भाषांत मराठीही आहे. हिंदीत बोललात तर फोन लवकर जोडला जाईल असा माझा अंदाज, पण हट्टानं मराठी मागायलाही हरकत नाही. तक्रार नोंदली की डॉकेट नंबर मिळतो, तो लिहून ठेवा. मात्र १९१५ काय करू शकतं आणि काय नाही, हे आधीच कळलेलं बरं. मोठ्या कंपन्या, ऑनलाइन दुकानं, विमान कंपन्या यांच्यातल्या पुष्कळ जणी या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत. त्यांच्याविरुद्धची तक्रार थेट त्यांच्याकडे जाते, आणि फ्रिज किंवा तिकिटाच्या परताव्यासारखी प्रकरणं कोर्टाचं नाव न घेता मिटतात. तुमचा कंत्राटदार एकटा मुलगा आहे. त्याला हेल्पलाइनचा धाक वाटेल किंवा वाटणारही नाही. हेल्पलाइन दंड करू शकत नाही, हुकूम काढू शकत नाही. तुम्हाला तिथे मिळेल तो सल्ला: कागद पुरेसे आहेत का, पुढे कुठे जायचं. फोन केला म्हणजे केस केली असं होत नाही. विचारलं म्हणून उद्या कुणी तुमच्या मित्रांच्या दारात जाऊन उभं राहणार नाही. मिस्टरांना एवढं समजावलंत तरी निम्मं काम होईल.

त्यानंतर पत्र. वकिलाची नोटीस नको, तुमच्या हातचं पत्रच. हिंदीत लिहा, म्हणजे पुढे लागलंच तर आयोगापुढे तसंच ठेवता येईल. सुरुवातीला काय ठरलं: तारीख, रक्कम, कोटेशनमधले 'मरीन प्लाय' हे शब्द. मग काय झालं आणि केव्हा. मग त्याचं स्वतःचं वाक्य, त्याच्या मेसेजमधून उचलून, तारखेसह. शेवटी मागणी एकच आणि स्पष्ट: 'पंधरा दिवसांत दोन्ही शटरं आणि खालची फळी आयएस ७१० च्या प्लायमध्ये बदलून द्या, काम झालं की राहिलेले वीस हजार त्याच दिवशी देते, नाही जमलं तर दुरुस्तीचा खर्च इतका येतो, त्यातून ते वीस हजार वजा करून उरलेला खर्च मला द्या.' मनस्ताप, विश्वासघात, चाळीस वर्षांचे संबंध, यातलं काहीही पत्रात नको. ते घरी बोलायचं. स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती घ्या, आणि पत्र पोचायच्या आदल्या दिवशी त्याला फोन करून सांगा की पत्र येतंय. एवढा मान आपल्या माणसाला द्यायलाच हवा.

ते वीस हजार, ताई, तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं बळ आहे. अर्धवट कामावर "काकी, तेवढे देऊन टाका, सामान आणतो" असा फोन येईल. देऊ नका. सामान आणायचंच असेल तर दुकानात सोबत जा आणि दुकानदाराला चेक द्या, बिल तुमच्या नावानं घ्या, या वेळी जीएसटीसकट.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तरच पुढचा विचार: जिल्हा उपभोक्ता आयोग, म्हणजेच ग्राहक आयोग. लोक त्याला अजून फोरम म्हणतात. तुमच्या मिस्टरांच्या डोळ्यांपुढे कोर्टाची जी पायरी आहे, तिच्यापेक्षा ही बरीच कमी चढणीची. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीचे वाद जिल्ह्यातच चालतात, आणि ज्या जिल्ह्यात तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. म्हणजे तुमच्या प्रकरणाला अर्जाचा एक रुपयाही पडत नाही. वकील लावायलाच हवा असं नाही, तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता. शाळेत पस्तीस-चाळीस पोरांपुढे उभं राहिलेल्या बाईला ते जड जाईल असं मला वाटत नाही. अर्ज ऑनलाइनही होतो. पूर्वी त्यासाठी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृति हे पोर्टल आलं. कागद स्कॅन करून पीडीएफ बनवायला एमपी ऑनलाइनचा कियोस्क पुरे, पण आपलं लॉगिन आणि ओटीपी कियोस्कवाल्याच्या हवाली करू नका.

यातले खाचखळगेही सांगतो. कायद्यात निकाल तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं आहे, पण प्रत्यक्षात तारखा पडतात आणि वेळ जास्त लागतो. समोरच्याला लेखी उत्तरासाठी तीस दिवस मिळतात, आयोगानं दिले तर आणखी पंधरा. त्यापुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०२० मध्ये पक्कं केलं आहे. निकाल लागल्यावर तो पाळला नाही तर कैद आणि दंडाची तरतूद आहे, पण तिथवर जायलाही पुन्हा अर्ज करावा लागतो. हे सगळं मनात धरूनच पंधरा दिवसांच्या पत्राला जीव लावा. बरीच प्रकरणं तिथेच संपतात.

तुमच्यासाठी आयोगातली सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल लोकांना फारसं ठाऊक नाही. २०१९ च्या कायद्यानं आयोगांना मध्यस्थी कक्ष जोडले. तडजोडीला वाव आहे असं आयोगाला दिसलं आणि दोन्ही बाजू राजी झाल्या, तर प्रकरण मध्यस्थाकडे जातं. तिथलं बोलणं गुप्त राहतं, कुणी जिंकत नाही, हरत नाही, आणि जे ठरलं ते कागदावर येऊन आयोगाच्या हुकुमात उतरतं. 'पाच तारखेपर्यंत शटरं बदलणार' हे मंडळाच्या अध्यक्षांसमोर कबूल केलेलं मोडायला वेळ लागत नाही, पण आयोगाच्या हुकुमात उतरलेलं मोडणं महागात पडतं. आपल्या माणसाशी वाद असेल तर मी हीच वाट आधी मागेन. अर्जातच लिहा, 'आम्ही मध्यस्थीला तयार आहोत.'

वकील हवाच असं वाटलं, तर पंचवीस हजार द्यायच्या आधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या, किंवा १५१०० ला फोन करा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. निवृत्त शिक्षिकेलाही, पेन्शन असतानाही. हे ऐकून बहुतेक बायका म्हणतात, "ते गरिबांसाठी असेल ना." गरिबांसाठी आहेच, आणि तुमच्यासाठीही आहे. ग्राहक आयोगही त्यात येतो. अधूनमधून वर्तमानपत्रात लोकअदालतीची जाहिरात येते, तिच्यामागेही हेच प्राधिकरण असतं.

एका तारखेचं भान मात्र ठेवा. आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. "नवरात्रि के बाद", "शादी के सीजन के बाद" अशी त्याची आश्वासनं किंवा १९१५ चा डॉकेट नंबर यांनी ही मुदत थांबत नाही. मुदत दोष दिसल्यापासून मोजायची की काम झाल्यापासून, यावर वकील वाद घालतील, तुम्ही काम झाल्यापासूनच मोजा. म्हणजे येत्या नाही, त्याच्या पुढच्या अक्षय्य तृतीयेच्या आधी. निम्मा वेळ जवळजवळ गेलाच.

अशी पत्रं मला बरीच येतात, म्हणून इतरांसाठीही थोडं. सगळ्याच तक्रारी आयोगात नेण्याची गरज नसते. बँकेनं न सांगता पैसे कापले, तर आधी बँकेला लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी नाही. विम्याचा क्लेम नाकारला तर कंपनीला लेखी लिहून महिनाभर थांबा, मग भोपाळचा विमा लोकपाल. मेडिक्लेमच्या पत्रांतली निम्मी माणसं हा महिना फोन करण्यात घालवतात आणि लेखी काहीच नसतं. विजेच्या बिलासाठी आधी १९१२ ला फोन, मग वीज कंपनीचा स्वतःचा ग्राहक तक्रार मंच, त्यावर भोपाळला विद्युत लोकपाल. बिल्डरनं ताबा दिला नाही तर रेरा, म्हणजे बांधकाम व्यवसायावर नियंत्रण ठेवणारं सरकारी प्राधिकरण. सराफ्यात दागिना घेताना त्यावरचा सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, तिथल्या तिथे बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून पाहा, मग पुढे कुठे जायची वेळच येत नाही. इथे इंदुरात भंवरकुआंला मुलाची कोचिंगची पूर्ण फी भरून दोन आठवड्यांत सोडावं लागलं, अशी पत्रं जुलैत येतातच. त्यांनी १९१५ ला नक्की फोन करावा, तिथून फी परत मिळाल्याची उदाहरणं आहेत. दुकानासाठी, धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा सहसा लागत नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेलं शिवणयंत्र किंवा रिक्षा असेल तर लागतो, तेव्हा आपण बसत नाही असं आधीच ठरवून टाकू नका.

आणि कुठल्याही कंपनीचा 'कस्टमर केअर' नंबर गूगलवर शोधून फोन करू नका. तो बिलावर, डब्यावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या अॅपमध्ये बघा. दोनशे रुपयांच्या परताव्यासाठी अनोळखी नंबरावर बोलता बोलता स्क्रीन शेअर केली आणि खातं रिकामं झालं, अशी प्रकरणं रोज होतात. तसं झालंच तर क्षणाचाही विचार न करता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

ताई, तुमच्याबद्दल एकच राहिलं. दीड लाखाचा चेक कुणाच्या खात्यातला, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मिस्टरांच्या खात्यातला असेल, तर त्याला लिहायच्या पत्रावर आणि पुढे वेळ आली तर अर्जावर दोघांचीही नावं घाला. स्वयंपाकघर तुम्ही वापरता, त्यामुळे तुमच्या एकटीच्या नावानंही तक्रार उभी राहू शकते, पण पैसे देणाऱ्याचं नाव सोबत असलं की तो मुद्दा कुणी उकरून काढत नाही. म्हणजे त्यांना अंधारात ठेवून हे करता येणार नाही. त्यांना हे सदर दाखवा किंवा नका दाखवू, पण ते दोन मेसेज मात्र एकदा शांतपणे वाचून दाखवा. त्यांनी ते अजून वाचलेच नसतील अशी मला शंका आहे.